तातडीने मदत हवी: जुळे सोलापुरात घरी येऊन सलाईन लावणारं कोणी आहे का?

आसराचौकवाला | बुधवार, रात्री ८:५२
वडिलांना ताप होता. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितलाय, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, गोळ्या चालू आहेत. आज ताप पूर्ण उतरला, पण माणूस पार गळून गेलाय. उठवून बसवलं तरी मान टाकतात. दोन सलाईन लावली की तरतरी येईल. आमचे डॉक्टर सातलाच दवाखाना बंद करून गेले, फोन उचलत नाहीत. कंपाउंडर, ब्रदर, सिस्टर कोणीही चालेल, पैशाचा प्रश्न नाही. कृपया उपदेश नकोत, फक्त नंबर द्या.

कडक_भाकरी | ८:५७
का बे, वय काय, ताप किती होता, किती दिवस? नंबर मागतोस आणि पेशंटबद्दल काहीच नाही.

आसराचौकवाला | ८:५९
वय ६१. शनिवारपासून ताप. किती म्हणजे काय, चांगला सणसणीत होता, हात लावला तरी चटका बसायचा. नंबर आहे का?

मंगळवेढा_ज्वारी | ९:०४
टायफॉईडमध्ये गळाठा येतोच, घाबरू नका. माझ्या मेव्हण्याला गेल्या वर्षी असाच झाला होता. तीन दिवस पिवळी सलाईन लावली, चौथ्या दिवशी गडी शेतात. आमच्या ओळखीचा एक जण आहे, रात्री पण येतो:
[फोन नंबर काढला आहे. कोणाचेही खाजगी नंबर धाग्यात टाकू नयेत. – संपादक]

आसराचौकवाला | ९:०६
संपादक, काढायच्या आधी मला तरी बघू द्यायचा होता! ज्वारी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सूक्ष्मदर्शक | ९:१०
मी लॅबमध्ये काम करतो म्हणून विचारतो. "रिपोर्ट पॉझिटिव्ह" म्हणजे कुठला रिपोर्ट? विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्तचाचणी असेल तर त्यावर आकडे असतील, १:८० वगैरे. आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली होती का? दोन्ही इथे टाइप करा.

अंश_फॅरनहाइट | ९:१३
मुळात "ताप होता" हे हाताने ठरत नाही. ज्याचा हात गार त्याला सगळं जग तापलेलं लागतं. १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसपासून ताप धरतात. काखेत मोजलं तर तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतं. पाऱ्याचं थर्मामीटर काखेत निदान तीन-चार मिनिटं ठेवावं लागतं, लोक मिनिटभरात काढतात आणि "नॉर्मल आहे" म्हणतात. आणि ते ९८.६ सुद्धा काही दगडावरची रेघ नव्हे. लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरने सुमारे २५ हजार रुग्णांची मोजमापं करून १८६८ साली पुस्तक काढलं, तिथून तो आकडा रूढ झाला. सकाळी शरीर थंड असतं, संध्याकाळी अर्धा-एक अंश वर जातं.

कडक_भाकरी | ९:१५
वुंडरलिश घरी येऊन सलाईन लावतो का?

आसराचौकवाला | ९:१९
आकडे हवेत ना, घ्या. सोमवारचा रिपोर्ट. विडाल: ओ १:८०, एच १:८०. सीबीसी: हिमोग्लोबिन १३.८, पांढऱ्या पेशी ३१००, हिमॅटोक्रिट ४१, प्लेटलेट १ लाख १२ हजार. आता झालं समाधान?

काढेवाली_काकू | ९:२१
प्लेटलेट कमी आहेत, पपईच्या कोवळ्या पानांचा रस द्या, दोन-दोन चमचे, दिवसातून दोनदा. गुळवेलीचा काढा सोबत. आमच्या सोसायटीत पपईचं झाड आहे, होटगी रोडला, हवी तर पानं घेऊन जा. सलाईनच्या भानगडीत पडू नका.

सूक्ष्मदर्शक | ९:२६
काकू, एक मिनिट. आसराचौकवाला, हा विडाल मी टायफॉईड म्हणून वाचणार नाही. आपल्याकडे पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेलेल्या, लस घेतलेल्या, दुसऱ्याच कुठल्या तापाने आजारी असलेल्या माणसांतही १:८० येतो. शिवाय खरा टायफॉईड असला तरी पहिल्या आठवड्यात विडाल बऱ्याचदा कोराच असतो. पक्कं करायचं तर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणं. रिपोर्टमधलं बघण्यासारखं खाली आहे, आणि तिकडे कोणी बघितलेलं दिसत नाही: पांढऱ्या पेशी खाली, प्लेटलेट खाली, तिसऱ्याच दिवशी. डेंग्यूची एनएस-वन केली का? सोमवारनंतर सीबीसी परत केली का?

मंगळवेढा_ज्वारी | ९:२९
टायफॉईडमध्ये पण पांढऱ्या पेशी कमी होतात. उगाच डेंग्यूचं भूत उभं करू नका. लॅबवाल्यांना टेस्ट वाढवायच्याच असतात.

सूक्ष्मदर्शक | ९:३१
होतात, मान्य. म्हणून तर परत तपासा म्हणतोय. आणि मला दर टेस्टमागे कमिशन मिळत नाही, पगार मिळतो, तोही दहा तारखेनंतर.

आसराचौकवाला | ९:३३
एनएस-वन नाही केली. ताप तर उतरलाय ना आता! उतरलेल्या तापाची टेस्ट कशाला करायची? आता थर्मामीटर लावला, ९८.२. मला फक्त अशक्तपणाचं बघायचंय.

निवृत्त_सिस्टर | ९:३८
बाळ, मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. सलाईन लावणारा शोधणं जरा बाजूला ठेव आणि याची उत्तरं दे. पोटात दुखतंय का? उलटी? लघवीला शेवटचे कधी गेले? हातपाय गार आहेत का? कुठून रक्त, हिरड्या, नाक, काळी संडास? आणि आजवर कुठल्या कुठल्या गोळ्या दिल्या, पाकिटावरचं नाव वाचून सांग, रंग सांगू नकोस.

आसराचौकवाला | ९:४६
उलटी दुपारपासून तीनदा. पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखतं म्हणतात, ॲसिडिटी असेल, पाच दिवस काही खाल्लंच नाही. लघवी आईला विचारली, दुपारी दोननंतर नाही. हातपाय गार आहेत, पण ताप उतरल्यावर अंग गार लागणारच ना? गोळ्या: सेफिक्झिम २००. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा. अंगदुखी फार होती म्हणून मेडिकलवाल्याने एक दिली होती, तिच्यावर लिहिलंय मेफेनामिक ॲसिड आणि पॅरासिटामॉल, ती सकाळ-संध्याकाळ. मंगळवारी डॉक्टरांनी कंबरेत एक इंजेक्शन दिलं, त्याने ताप अर्ध्या तासात उतरला होता, रात्री परत चढला.

निवृत्त_सिस्टर | ९:४९
घरात बीपीचं मशीन आहे का? असेल तर लगेच बघ आणि दोन्ही आकडे लिही. आणि त्यांच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून धर, पांढरं पडलं की सोड. परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो, मनात आकडे मोज.

भवानी_पेठ_आई | ९:५०
धागा पळवतेय, सॉरी. माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा, ११ किलो, त्यालाही आजच ताप आलाय, १०१.५. पॅरासिटामॉलचं सिरप किती द्यायचं? मावशी म्हणते एक झाकण. आणि थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवू का?

आसराचौकवाला | ९:५५
बीपी १००/८४. उत्तम आहे की! एरवी गोळी घेऊनसुद्धा १४० असतं. नख दाबलं, मी एक-दोन-तीन-चार मोजले तेव्हा कुठे रंग आला. पण त्यांचे हात आधीपासूनच खरखरीत आहेत, तीस वर्षं लूम चालवलेत.

निवृत्त_सिस्टर | ९:५७
आता नीट वाच. १०० आणि ८४ यांची वजाबाकी कर. १६ आली. वरच्या आणि खालच्या आकड्यात साधारण ४०चं अंतर असतं. ते २० किंवा त्याच्या खाली आलं म्हणजे अंगातलं रक्ताभिसरण कसंबसं तग धरून आहे. ज्याचं रोज १४० असतं त्याचं १०० उत्तम नसतं. नखाला दोन सेकंद लागायला हवेत, चार लागले. आठ तास लघवी नाही. ही ॲसिडिटी नाही आणि अशक्तपणाही नाही. घरी सलाईन लावायचा विषय संपला. आत्ताच्या आत्ता गाडी काढ. आयसीयू असलेलं जवळचं कुठलंही हॉस्पिटल, नाहीतर सरळ सिव्हिलचा अपघात विभाग, तो रात्रभर चालू असतो. १०८ला फोन केलास तरी चालेल, पण वाट बघत बसू नकोस. सगळी पाकिटं आणि सोमवारचा रिपोर्ट पिशवीत टाक. रोजच्या गोळ्याही घे.

आसराचौकवाला | १०:००
रोजच्या म्हणजे बीपीची आणि ती हार्टची छोटी, एवढ्याच आहेत.

निवृत्त_सिस्टर | १०:००
हार्टची कुठली??

आसराचौकवाला | १०:०२
इकोस्प्रिन ७५. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. तिचा टायफॉईडशी काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं.

मंगळवेढा_ज्वारी | १०:०३
अरे देवा. रक्त पातळ करणारी गोळी आहे ती! ताबडतोब बंद करा.

फिजिशियन_रजेवर | १०:०५
मी गावी आहे, इथे औषध लिहून देणार नाही. पण स्टेंट असलेल्या माणसाची इकोस्प्रिन धाग्यावर बंद करायची नसते. पुढची गोळी उद्या जेवणानंतरची असणार, तोवर तुम्ही हॉस्पिटलात असाल. ती द्यायची की थांबवायची हे प्लेटलेट आणि हृदय दोन्ही बघून तिथले लोक ठरवतील. दारातच हे सांगा: पाचवा दिवस, ताप उतरल्यावर बिघडलं, स्टेंट आहे, इकोस्प्रिन चालू, मेफेनामिक, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढवणारं वेदनाशामक, तीन-चार दिवस पोटात गेलंय. सिस्टरांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. निघा.

आसराचौकवाला | १०:०६
निघतोय. रिक्षा बोलावली.

कडक_भाकरी | १०:०७
रिक्षा कशाला बे, मी विजापूर रोडला आहे, कार आहे. व्यनिमध्ये पत्ता टाक, सात मिनिटांत पोचतो.

फिजिशियन_रजेवर | १०:१४
भवानी पेठेतल्या ताई, झाकणाने देऊ नका. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ११ किलोला ११० ते १६५. आता बाटलीवर बघा, सिरप दोन ताकदीचं मिळतं. ५ मिलीत १२० असेल तर ५ मिली, ५ मिलीत २५० असेल तर अडीच मिली. इथेच लोक दुप्पट देऊन बसतात. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारच्या वर नको. पट्ट्या ठेवायच्याच असतील तर कोमट पाण्याच्या. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडतं, आणि कुडकुडण्याने अंग आणखी तापतं. पाणी पितोय, लघवी होतेय, ताप उतरल्यावर खेळतोय, तर रात्र काढायला हरकत नाही. सुस्त पडला, मान ताठ झाली, धाप लागली किंवा पुरळ आलं तर लगेच घेऊन जा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर मी साध्या तापालाही थांबू नका म्हणालो असतो.

भवानी_पेठ_आई | १०:१८
आमच्या बाटलीवर २५० आहे. मावशीच्या झाकणात ५ मिली मावतं. बरं झालं विचारलं. मोठ्याला लहानपणी तापात झटका आला होता म्हणून जीव वरखाली होतो.

मंगळवेढा_ज्वारी | १०:२१
झटका आला तर कांदा फोडून नाकाला लावायचा, आमच्याकडे हमखास उतार पडतो.

निवृत्त_सिस्टर | १०:२४
त्यातले बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, कांदा लावा नाहीतर चप्पल हुंगवा. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर उचलून हॉस्पिटल. आणि आलेला पहिलाच असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचं. ज्वारी, तुम्ही मेव्हण्याला पिवळी सलाईन लावली ना, तो पिवळा रंग ब जीवनसत्त्वाचा असतो. तरतरी बाटलीतल्या साखरपाण्याने येते, घरी लिंबू-सरबतानेही आली असती.

काढेवाली_काकू | १०:३०
पपईच्या पानांना कोणी काही बोलेना. माझ्या भाच्याच्या प्लेटलेट दोन दिवसांत ४० हजारांवरून ९० हजारांवर गेल्या होत्या.

सूक्ष्मदर्शक | १०:३६
काकू, डेंग्यूत सहाव्या-सातव्या दिवसानंतर त्या स्वतःहूनच वाढतात. भाच्याने त्या दोन दिवसांत शेंगाचटणी खाल्ली असती तर श्रेय चटणीला गेलं असतं. आणि खरा धोका प्लेटलेटच्या आकड्याचा नसतोच. ताप उतरताना रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं. ते हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीत दिसतं. यांचं सोमवारी ४१ होतं. आज ५० च्या आसपास निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा हा काळ असतो, आणि नेमका तेव्हाच थर्मामीटर ९८ दाखवतो म्हणून घरचे निर्धास्त होतात. उलट्या होणाऱ्या माणसाला कडू रस पाजून आणखी उलट्या काढू नका एवढंच.

काढेवाली_काकू | १०:३९
तुम्हाला आयुर्वेदाचा राग आहे.

सूक्ष्मदर्शक | १०:४०
मला उलट्यांचा राग आहे.

अंश_फॅरनहाइट | १०:४४
तापाबद्दल एक राहिलंच. ताप म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने नेमलेला आकडाच वर सरकलेला असतो. पॅरासिटामॉल तो आकडा खाली आणतं, आजार तिथेच राहतो. म्हणून गोळीने ताप उतरला यावरून आजार साधा की गंभीर हे कळत नाही. याउलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३वर जातो तेव्हा उष्माघात झालेल्या माणसाला पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. तिथे आकडा सरकलेलाच नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. त्याला सावली, पाणी, वारा, बर्फ.

हिप्परग्याचा_बगळा | १०:५२
सप्टेंबरात उष्माघात सांगताय. बाकी जुळे सोलापुरात डेंग्यू नसेल तर नवल. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, घरोघरी दोनशे लिटरचे ड्रम. उजनी शंभर टक्के भरलं काय नि रिकामं काय, आपला नळ आपल्याच तिथीला. हा डास घाण पाण्यात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि दिवसा चावतो. रात्री मच्छरदाणी लावून काय उपयोग.

मंगळवेढा_ज्वारी | १०:५५
आमच्याकडे गावात ड्रम नाहीत, तरी डास आहेतच. टायर, नारळाच्या करवंट्या, कूलर. पाण्यावरून राजकारण नको.

हिप्परग्याचा_बगळा | १०:५८
राजकारण कुठे केलं? तिथी म्हणालो.

[पाण्यावरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक]

कडक_भाकरी | गुरुवार, रात्री १२:४०
पोचवलं. घेतलं आत. गाडीत काका शुद्धीवर होते, पण कुठे चाललोय ते दोनदा विचारलं. आसराचौकवाल्याच्या फोनची बॅटरी संपलीय, सकाळी लिहील.

आसराचौकवाला | गुरुवार, सकाळी ११:१०
आयसीयूत आहेत. रात्री प्लेटलेट ३८ हजार, हिमॅटोक्रिट ५२. डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह आली. छातीत उजवीकडे थोडं पाणी झालंय म्हणाले. इकोस्प्रिन हार्टच्या डॉक्टरांना विचारून सध्या थांबवलीय, रोज बघून ठरवणार. मेफेनामिकचं पाकीट बघून तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पहाटे लघवी झाली, आता बीपी ११८/७६. आणि सगळ्यांना नम्रपणे सांगतो, शेवटी सलाईनच लावलं. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

निवृत्त_सिस्टर | ११:२२
लघवी झाली हे वाचून बरं वाटलं. तिथे सलाईन किलोवर आणि तासावर मोजून देतात, दर चार-सहा तासांनी हिमॅटोक्रिट बघतात, आणि पाझरणं थांबलं की हात आखडता घेतात. नाहीतर तेच पाणी छातीत साठतं, स्टेंटवाल्या माणसाला तर जास्तच जड जातं. घरी कंपाउंडरने खुंटीला दोन बाटल्या टांगून त्या उरकल्या असत्या. आज-उद्याचा दिवस नेटाने काढा. त्यांना प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागू नकोस. रक्त जात नसेल तर १० हजारांच्या वर सहसा गरज पडत नाही, त्यांचं ते बघतील.

आसराचौकवाला | ११:३०
लागलो होतो मागे. रात्री दोन वाजता रक्तदात्यांची यादी पण केली होती. नको म्हणाले.

मंगळवेढा_ज्वारी | ११:४१
लवकर बरे होवोत. तरी विडाल परत करून घ्या एकदा.

सूक्ष्मदर्शक | ११:४२
_/\_

भवानी_पेठ_आई | ११:५०
माझ्या मुलाचा ताप सकाळी १०० वर आला, नाक गळतंय, भाकरीचा तुकडा चघळत फिरतोय. काका बरे होऊ देत.

कडक_भाकरी | दुपारी १२:०५
का बे, आई घरी एकटीच आहे ना? अंगणातला तो निळा ड्रम रात्री मोबाइलच्या उजेडात बघितला मी. आत अळ्या वळवळत होत्या. ओतून दे आणि कडा काथ्याने घासून काढ, अंडी कडेला चिकटून बसतात.

आसराचौकवाला | १२:११
आज ओतला तर आईने आंघोळ कशाने करायची? पाणी शनिवारी येणार आहे.

कडक_भाकरी | १२:१३
माझ्याकडं आज येतंय. चारला दोन कॅन आणून टाकतो. ड्रम मीच घासतो, तू तिथंच थांब.